आई-वडील की सासू-सासरे?

कंपनीच्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरताना नोकरदार सुनेचं पेन एका चौकटीपाशी हमखास अडतं. आई-वडील की सासू-सासरे? बहुतेक ठिकाणी एकच जोडी घेता येते आणि एकदा खूण केली की वर्षभर बदल नाही.

आमच्या कोळगावात जिल्हा मुख्यालय आलं, पलीकडे बोईसर-तारापूरची एमआयडीसी आहे, शिवाय पालघरहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या आहेतच. पगारदार सुना आता घरोघरी दिसतात. पण त्या चौकटीचं उत्तर मात्र घरात आधीच ठरलेलं असतं. सासू-सासरे! माहेरी भाऊ नसला तरीही. पगार तिचा, सही तिची, पण विचारत तिला कुणीच नाही.

केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेत ही निवड पूर्वी फक्त महिला कर्मचाऱ्यांना होती, २०२३ मध्ये ती पुरुषांनाही मिळाली. किती जावयांनी सासू-सासऱ्यांपुढे खूण केली असेल, तुम्हीच सांगा!

माझं म्हणणं एवढंच, की आधी कुणाला काय संरक्षण आहे ते मांडून बघा. ओळखीतल्या एकीची विधवा आई ६६ वर्षांची, मधुमेही. सासू-सासरे दोघंही सत्तरीपुढचे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. (सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची योजना असेल, तर दोन्हींतली एकच निवडावी लागते.) तिने सासरच्यांची कार्डं काढली आणि कंपनीच्या विम्यात आईचं नाव घातलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही परके का गं?" तीन संध्याकाळी घरात ताण होता. मला तर तिचं कौतुकच वाटलं. तिघांचं आजारपण तिने एकटीने तोलून पाहिलं होतं.

अर्थात कार्ड हातात आलं म्हणजे झालं असं नाही. ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं आणि तेही दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. आपल्या जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत, हे आधी बघायला हवं. दीर बोईसरच्या कारखान्यात असेल आणि पगार २०१७ मध्ये ठरलेल्या २१ हजारांच्या मर्यादेत असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील ईएसआयसीत येतात. मात्र पगारवाढ झाली की हे छत्र पुढे-मागे जातं. पेढे वाटताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

आणि आईची स्वतःची जुनी पॉलिसी असेल, तर कंपनीचा विमा मिळाला म्हणून ती बंद करू नका. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. नंतर नवी पॉलिसी घ्यायची, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. विमा कंपनी आवडत नसेल तर ती बदला. २०११ पासून पोर्टेबिलिटीची सोय आहे, त्यात आधी भरलेली प्रतीक्षेची वर्षं वाया जात नाहीत. फक्त नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करायची.

म्हणून तो फॉर्म ऑफिसात घाईघाईने भरू नका. घरी आणा, माहेरी फोन लावा आणि बाबांची पॉलिसी कुठल्या डब्यात आहे ते विचारा.