वडीलधाऱ्यांचें युद्ध

युद्धावरील बोलपट पुष्कळ निघाले. परंतु ज्याचा रोख शत्रूवर नसून घरच्या वडीलधाऱ्यांवर आहे, असा बोलपट विरळाच. लुई माइलस्टोन यानें १९३० सालीं अमेरिकेंत काढलेला ‘ऑल क्वाएट ऑन दि वेस्टर्न फ्रंट’ हा त्यांपैकीं एक होय. पहिल्या महायुद्धांत जखमी झालेला जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क याच्या, १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

आरंभीं खिडकीबाहेरून पलटणी चालल्या आहेत व वर्गांत मास्तर देशभक्तीवर व्याख्यान देत आहेत. तें ऐकून पाउल बॉयमर व त्याचे सोबती पुस्तकें टाकून सैन्यांत शिरतात. पुढें खंदकांतील चिखल, उंदीर, भूक आणि एकामागून एक मृत्यु! एका मृत मित्राचे बूट दुसऱ्याच्या पायांत, त्याच्या पायांतून तिसऱ्याच्या पायांत जातात. बूट टिकतात, माणसें टिकत नाहींत. एका खड्ड्यांत पाउल, आपणच भोंसकलेल्या फ्रेंच शिपायाशेजारीं रात्र काढून त्याची क्षमा मागतो.

पण याहून जिव्हारीं लागतो तो रजेचा प्रसंग. घरीं आलेल्या पाउलला बापाचे स्नेही नकाशा पसरून पॅरिस कसें घ्यावें हें शिकवितात! शाळेंत तो खरी हकीकत सांगूं लागतो, तों बांकांवरचीं कोंवळीं पोरें त्यालाच भेकड ठरवितात. आजारी आई तेवढी लोकरी कपडे बांधून देते. अखेरीस एका फुलपांखराकडे हात पसरतांना पाउल गोळीला बळी पडतो.

डिसेंबर १९३० मध्यें गोबेल्सच्या अनुयायांनीं बर्लिनच्या नाट्यगृहांत पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला. थोड्याच दिवसांत सरकारनें बोलपटावर बंदी घातली. १९३३ सालीं रेमार्कचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं. पाउलची भूमिका करणाऱ्या ल्यू एअर्स यानें दुसऱ्या महायुद्धांत शस्त्र धरण्याचें नाकारिलें. लोकनिंदा सोसली, आणि वैद्यकीय पथकांत राहून जखमींची शुश्रूषा केली. त्याला भेकड कोण म्हणेल?

शौर्य त्याज्य आहे, असें हा बोलपट सांगत नाहीं. ज्यास स्वतः जावयाचें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या मुलास धाडतांना शब्द तोलून उच्चारावे, एवढेंच त्याचें सांगणें आहे. मुलांच्या देखत लढाईच्या गप्पा रंगविणाऱ्या आपणां वडील मंडळींस तें पुरेसें नाहीं काय?