गुडमारचा पाला आणि खिशातली गोळी



साखर काढणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेत साखर मारणाऱ्या पाल्यावर लिहायचे म्हणजे काही मंडळी हसतील. हसू देत. हल्ली गट ऑफिसात टनेजच्या जोडीला "तुमची उपाशीपोटी किती?" हीही चौकशी ऐकू येते.

विषय निघाला तो नाशकातल्या इंदिरानगरमुळे. आमचे एक जुने सभासद तिथे मुलाकडे राहायला गेले होते. सकाळच्या फिरण्यात कुणीतरी त्यांना गुडमार दिली. "शुगरही जाते अन् पोटही उतरते!" पाला चावून वर साखर टाकली, तर ती वाळूसारखी लागली. झाले! बाबांची खात्री पटली, डॉक्टरांची गोळी बंद. पुढे गावी येऊन खोडव्याला पाणी धरताना पायात धसकट शिरले. दुखले नाही, म्हणून पाहिले नाही. जखम चिघळली तेव्हा शुगर चारशेच्या वर निघाली. पायाचे एक बोट काढावे लागले.

पाला खोटा नव्हे. काही भागांत त्याला बेडकीचा पाला म्हणतात. मधुनाशिनी हेही त्याचेच नाव. त्यातली द्रव्ये जिभेवरची गोडाची जाणीव अर्धा-पाऊण तास अडवून धरतात. पण फसते ती जीभ. रक्तातली साखर तिथेच राहते. बाबांनी जिभेची परीक्षा ही रक्ताची परीक्षा समजली, घोटाळा झाला तो इथे.

रक्तावरही काही गुण असावा, असे मानायला जागा आहे. म्हसकर आणि केयस यांनी १९३० सालीच या वेलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना दीड वर्षाहून अधिक काळ रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. साखर उतरली, पाच जणांची गोळीही सुटली. मात्र अर्क गोळीच्या जोडीला दिला होता, आणि गोळी कमी केली ती रक्त तपासून. शिवाय २२ माणसे म्हणजे एका टोळीएवढीही धड नाहीत. तेवढ्यावर सगळ्या गावाने गोळ्या फेकायच्या काय? वजनाचे म्हणाल, तर गोड बेचव लागल्याने चहातली साखर सुटेल, तेवढाच भरवसा आम्ही देऊ.

आम्ही झाडपाल्याचे वैरी नाही. मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्यावरून सुचली. फरक इतकाच की तिचे माप ठरलेले आहे. पुडीत पाला किती, माती किती, कोण सांगणार? गोळी आणि पूड दोन्ही घेऊन साखर एकदम उतरली, तर घाम, थरथर, चक्कर. मोटारीपाशी रात्री एकटा माणूस असला म्हणजे संपलेच.

तेव्हा पाला घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे न लाजता सांगावे, गोळी स्वतः तोडू नये, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून घ्यावी आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. आणि संचालक मंडळाला आमची विनंती: ऊसबिलाच्या दिवशी सभासद गट ऑफिसला येतातच, त्या दिवशी तिथे रक्तातली साखर तपासायची सोय करा. खर्चाचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्हीच मांडू.