ओझ्याखालीं बंद पडणारें इंजिन

या महिन्यासाठीं योजिलेला विषय बाजूस ठेवून आज आम्ही घरांतील एक प्रसंग सांगणार आहों. त्यांत आमची फजिती आहे. परंतु ज्यांच्या घरीं बागेचें लहान पेट्रोल-इंजिन आहे त्यांस त्याचा उपयोग होईल, म्हणून संकोच सोडून लिहितों.

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड येथें आमचें एकत्र कुटुंब राहतें. मळ्यांतील डवरणीकरितां पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं वीडर नांवाचें लहान यंत्र आणलें. गेल्या पावसाळ्यांत त्यास एक खोड जडली. मोकळें चालवावें तर तें सुरळीत चाले. पातीं काळ्या मातींत उतरलीं कीं चार-पांच मिनिटांत गुदमरून बंद पडे. थोडा वेळ तसेंच ठेविलें म्हणजे पुन्हा सुरू होई. घरांत वाद माजला. पुतण्या म्हणे, "काका, हें देऊन टाकूं आणि नवें घेऊं." धाकटे बंधू कर्जाचें नांव काढूं देईनात. आम्हीं निराळाच निर्णय दिला. "सालदार पेट्रोल काढून घेतो व टाकींत पाणी घालतो," असें आम्ही त्याच्या देखत बोलून गेलों. पंचवीस वर्षें आमच्या घरीं राबलेला तो मनुष्य कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र तो कामावर आला नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस आमचाच पाठ आठवला. शाळेंत आम्ही मुलांस सांगत असूं : एक गोष्ट असतां दुसरी असणें हा अन्वय, ती नसतां दुसरी नसणें हा व्यतिरेक, दोन्ही जुळल्यावांचून कारण ठरत नाहीं. सालदारावर दोष ठेवितांना आम्हीं यांपैकीं कांहींच पाहिलें नव्हतें. सकाळीं उठून पाहूं लागलों.

प्रथम यंत्राची रीत ध्यानीं घ्यावी. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. इंधनमिश्रित हवा आंत ओढणें, ती दाबणें, ती पेटून दट्ट्यास रेटा मिळणें व धूर बाहेर टाकणें, हे ते टप्पे. आमचें यंत्र याच रीतीनें चालतें. मोकळें फिरतांना त्यास थोडें इंधन पुरतें. ओझें पडून वेग उतरूं लागला कीं गव्हर्नर नांवाची योजना झडप अधिक उघडते, आणि इंधन व हवा दोन्ही अधिक लागतात. म्हणून मोकळें चालणें ही निरोगीपणाची खूण नव्हे. अर्धी तुंबलेली वाट मोकळ्या चालीस पुरते, ओझ्यास पुरत नाहीं.

आम्हीं टाकींतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून तासभर ठेविलें. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल ओलावा शोषून घेतें, आणि पाणी फार झालें तर तळाशीं निराळा थर जमतो. आमच्या बाटलींत थर नव्हता. सालदारावरील आरोप तेथेंच गळाला. मग हवेची गाळणी पाहिली. ती धुळीनें भरली कीं धूर काळा निघतो व प्लगवर काजळी धरते. आमची गाळणी स्वच्छ होती, आणि प्लगचा रंग तांबूस, म्हणजे ठीक होता. प्लगच्या टोकांतील फट बहुतेक लहान इंजिनांत सुमारे ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. तीही बरोबर भरली. मग पातीं मातींत असतां, इंजिन गुदमरूं लागतांच चोक अर्धा ओढला. तें क्षणभर सावरलें. चोकानें हवा कमी होते. त्यानें सावरतें याचा अर्थ इंधन कमी पडत आहे. चोकानें तें अधिकच गुदमरलें असतें, तर दोष हवेच्या वाटेंत शोधावा लागता.

इंधन कमी पडतें तर तें कोठें अडतें? टाकीच्या झाकणास एक बारीक छिद्र असतें. पेट्रोल खालीं उतरतें तितकी हवा त्यांतून आंत यावी लागते. न आल्यास टाकींत पोकळी होऊन पेट्रोल अडतें. यंत्र थांबलें कीं हवा हळूहळू झिरपते व तें पुन्हा सुरू होतें. आमच्या झाकणावर पन्नी घट्ट बांधलेली होती. पाऊस आंत जाऊं नये म्हणून ती आम्हींच आषाढांत बांधली होती! पन्नी सोडून अर्धा तास डवरणी केली. यंत्र थांबलें नाहीं. पुन्हा बांधली, पांच मिनिटांत थांबलें. पुन्हा सोडली, चालूं लागलें.

आम्हीं जें शेवटीं पाहिलें तें वाचकांनीं प्रथम पाहावें : झाकण, मग पेट्रोल व त्याची गाळणी, मग हवेची गाळणी, मग प्लग. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर दोष कोणता होता तें कळत नाहीं. इतक्यानें भागलें नाहीं तर कार्ब्युरेटरचा जेट, गव्हर्नर व झडपा हें काम मिस्त्रीवर सोंपवावें. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर, विस्तवापासून दूर काढावें. पात्यांस हात लावण्यापूर्वीं प्लगची टोपी काढून ठेवावी.

सायंकाळीं आम्ही सालदाराच्या घरीं गेलों व त्याच्या मुलांदेखत चूक कबूल केली. तो म्हणाला, "गुरुजी, पन्नी म्या पाह्यली होती, पन तुमी बांधलेली, मंग सोडावं कसं?" दुसऱ्या दिवशीं तो कामावर आला. त्याच्या त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमचा धाक नसता तर यंत्र पहिल्याच दिवशीं चाललें असतें.