सोसणं हे ख्रिस्ती प्रेमाचं माप नव्हे

नवरा मारतो हे सांगायला एखादी बाई पाळकांकडे किंवा फादरांकडे जाते, तेव्हा तिला आजही पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळतं: प्रार्थना कर, क्षमा कर, आपला क्रूस उचल. शेजारच्या चार बायकाही तेच सांगतात. ती घरी परतते आणि पुढच्या वेळी कुणालाच काही सांगत नाही. हा सल्ला धर्माच्या नावाने दिला जातो, म्हणून तो धर्माच्याच आधाराने खोडून काढला पाहिजे.

सल्ला देणाऱ्यांकडे वचनं आहेत, हे मान्य. प्रीतीत सहनशीलता असते असं पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात लिहिलं. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बायकांनी पतीच्या अधीन असावं असं आहे. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण तर साक्षात प्रभूची. वचनं खरी आहेत. ती कुणाला उद्देशून आहेत, हे मात्र विचारलंच जात नाही. करिंथची मंडळी मानापमानावरून भांडत होती. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पोटभर जेवणारे आणि उपाशी राहणारे एकाच प्रभुभोजनाला बसलेले दिसतात. प्रीतीचा अध्याय त्या मंडळीतल्या फुशारक्यांना आवरायला लिहिलेला आहे. त्याचा रोख आपलंच खरं करणाऱ्या, चिडणाऱ्या, दुसऱ्याचं वाईट मनात धरणाऱ्या माणसावर आहे, म्हणजे मार खाणाऱ्या बाईपेक्षा मारणाऱ्यावर. तो तिलाच वाचून दाखवणं हा शास्त्राचा सरळसरळ गैरवापर आहे.

इफिसकरांतलं अधीनतेचं वचन बाविसावं. एकविसाव्यात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलंय, आणि पंचविसाव्यात नवऱ्यावर जीव देण्याइतक्या प्रेमाची जबाबदारी टाकली आहे. मधलं एकच वचन उचलून प्रवचन कसं होतं? करिंथकरांच्या सातव्या अध्यायात तर पौल पुढे जातो: पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार आहे, असं तो लिहितो. पहिल्या शतकात, जिथे बाई बहुधा बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या ताब्यात असायची, तिथे हे वाक्य किती जड गेलं असेल! आपल्या लग्नांत ते मी कधी ऐकलेलं नाही.

आता सगळ्यात मोठा आक्षेप: प्रभूने स्वतः क्रूस सोसला ना? सोसला. पण आपला प्राण आपण होऊन देतो, कुणी तो हिसकावून घेत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. आणि प्रमुख याजकासमोरचा प्रसंग पाहा. एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. येशू गप्प बसला नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, बरोबर असेल तर का मारतोस, असं त्याने त्या शिपायाला विचारलं. हात बांधलेले, भोवती शत्रू, मरण समोर, आणि तरी त्याने थपडेचा जाब विचारला. दुसऱ्या गालाची शिकवण देणाऱ्यानेच ती अशी जगून दाखवली. मग स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईने तोच प्रश्न विचारला, तर ती ख्रिस्ताची अनुयायी कमी कशी ठरते?

कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक आधार. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे धर्मसभेच्या कायद्याचं, ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या तनामनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. उशीर धोक्याचा असेल तर बिशपांच्या हुकमाची वाट न पाहताही निघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात, मारहाणीतून दुबळ्या जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक असतं, असं म्हटलं. विवाहबंधन अतूट मानणाऱ्या धर्मसभेचं हे म्हणणं आहे.

देशाच्या कायद्याला मात्र फार उशीर झाला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला मात्र सहसा नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं सिद्ध करावं लागे. नुसता मार पुरेसा नव्हता! १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोवर सोसलेल्या बायकांच्या सोसण्याला पवित्र म्हणायची मला हिंमत होत नाही.

या सल्ल्याचं मूळ लग्नाच्या पुष्कळ आधी रुजतं, युवक शिबिरांत, जिथे मुलीला आपली किंमत दुसऱ्याच्या हातात असल्याचं शिकवलं जातं. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिथे १९९३ पासून 'ट्रू लव्ह वेट्स' चळवळीने किशोरांकडून लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकांवर सह्या घेतल्या. १९९७ मध्ये विशीतल्या जोशुआ हॅरिसचं 'आय किस्ड डेटिंग गुडबाय' हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. त्या वातावरणातल्या शिबिरांत गुलाबाचं एक फूल हातोहात फिरवायचे आणि शेवटी चुरगळलेलं फूल दाखवून विचारायचे, हे आता कुणाला हवंय? २०१८ मध्ये हॅरिसने आपलं पुस्तक छापणं थांबवलं. पवित्रतेची शिकवण मला मोलाची वाटते; संयमाने प्रेमाला खोली येते, यावर माझा विश्वास आहे. पण माणसाची किंमत हाताळल्याने घटते, ही कल्पना कुठल्या शुभवर्तमानातली?

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई आठवा. पाच नवरे झालेले, सोबत राहतो तो नवरा नाही. येशू भर दुपारी विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो. तिचं आयुष्य तिला सांगतो, आणि लगेच तिच्याशी उपासना कुठे करावी यावर बोलतो, जसं एखाद्या शास्त्र्याशी बोलावं. ती घागर तिथेच टाकून गावात धावते, आणि गाव तिच्या शब्दावर विश्वास ठेवतं. कुणी निवडल्यामुळे तिची किंमत वाढली नाही, कुणी सोडल्यामुळे घटली नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, लग्नाचा विषय निघण्याआधी सांगितलेलं आहे. स्वतःसारखं शेजाऱ्यावर प्रेम कर ही आज्ञाही, स्वतःवर प्रेम आहे असं धरूनच चालते.

असं प्रेम कसं दिसतं, ते मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सापडेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं ताटातुटीची आणि पुन्हा एकत्र येण्याची. परत आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं काही काळ सुरूच होतं. श्रद्धा बदलली ती त्यांच्या स्वतःच्या मनाने. नवऱ्याचा तापट, अव्यवहारी स्वभाव त्यांनी लपवला नाही, आणि त्याच्यावरची मायाही नाही. त्या माणसावर त्यांनी जीव लावला तो स्वतःचं मन, स्वतःचं मत शाबूत ठेवून.

आपल्याकडे विवाहपूर्व शिबिरांत कौटुंबिक खर्चापासून सासरच्या मंडळींपर्यंत सगळ्यावर बोललं जातं. त्यात ११५३ वं कलम वधू आणि वर दोघांसमोर मोठ्याने वाचावं. आणि ज्या मंडळ्यांत कॅनन लॉ नाही, तिथे पाळकांनी इफिसकरांचं एकविसावं वचन घ्यावं. मार खाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न असावा: आज रात्री तू आणि मुलं कुठे सुरक्षित राहाल? तिची सोय लागू द्या. क्षमेविषयी तिच्याशी बोलायला नंतर वेळ आहे, आणि पश्चात्तापाविषयी आधी तिच्या नवऱ्याशी बोला.