‘ऍज इफ’ची पोलीसगिरी

तर मंडळी, आजचा विषय इंग्रजी व्याकरण. पळू नका, थोडक्यात आटपतो!

‘ऍज इफ ही वेअर द बॉस’ बरोबर, आणि ‘ऍज इफ ही वॉज’ किंवा ‘इज’ म्हणजे अडाणीपणा, असं अनेक क्लासवाले छातीठोकपणे शिकवतात. मग हाच नियम घेऊन कोणीतरी इंटरव्ह्यूत नाशिक-धुळ्याच्या पोराचं वाक्य मध्येच तोडतो. पोरगं पुढे तोंडच उघडत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा नियमच अर्धवट आहे.

आधी ‘वॉज’. तो काही आपण बिघडवलेला नाही. साहेब लोक स्वतःच सतराव्या शतकापासून अशा जागी ‘वॉज’ वापरत आलेत. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणातही ‘वॉज’ चूक नाही. ‘वेअर’ जास्त औपचारिक, बस्स.

आता ‘इज’. मराठीत आपण काय म्हणतो? ‘संध्याकाळी द्वारका सर्कल म्हणजे जणू पार्किंगच आहे.’ क्रियापद सरळ ‘आहे’, म्हणजे स्वार्थ. तरी तिथे गाडी लावून कोणी चहाला जात नाही! ‘हे खरं नव्हे’ हे सांगायचं काम एकटा ‘जणू’ करतो. संकेतार्थ आपल्याकडेही आहे, पण तो जर-तरमध्ये: ‘उड्डाणपूल नसता तर अजून अडकलो असतो.’ म्हणून आपला माणूस सहज ‘ऍज इफ इट इज’ म्हणून जातो. आणि ते इंग्रजीतही चालतं. कधीकधी तर तेच हवं असतं.

बग रिपोर्ट घ्या. ‘सर्व्हर बिहेव्ज ऍज इफ द कॅश इज एम्प्टी’ म्हणजे कॅश खरंच रिकामी असू शकते, जरा बघा. तिथे ‘वेअर एम्प्टी’ लिहिलंत तर सूर असा लागतो की कॅश रिकामी नाहीये, सर्व्हर उगाच तसा वागतोय. वाचणारा कॅश तपासणारच नाही. मग बसा रात्रभर लॉग चाळत...

औपचारिक ईमेलमध्ये, उघड काल्पनिक गोष्टीसाठी, ‘वेअर’ जरूर लिहा. पण एका क्रियापदावरून कुणाची नोकरी घालवू नका. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनो, पोराला काय म्हणायचंय ते आधी ऐका.

असो. ही मंडळी वागतात मात्र इंग्रजीचे मालक असल्यासारखी. त्यांच्यासाठी ‘इज’ लावायचा की ‘वेअर’, ते तुम्हीच ठरवा :-)