पेन्शन आणि पाटी

शासकीय कर्मचारी निवृत्त होतो तो महिन्याच्या अखेरच्या दिवशी. ज्याचा जन्म पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. जुन्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ठरविलेली असे. म्हणून महाराष्ट्रात १ जूनला आणि मध्य प्रदेशात १ जुलैला जन्मलेल्यांचे पीक उदंड. परिणामी भोपाळच्या कचेऱ्यांत ३० जूनची सायंकाळ ही निरोपसमारंभांची. शाल येते, श्रीफळ येते, कालपर्यंत ज्यांच्याशी बोलणे नव्हते तेही गुणवर्णन करतात. खरा प्रसंग उगवतो तो १ जुलैच्या सकाळी. दाढी उरकून, कपडे करून माणूस सवयीने तयार होतो आणि जावयाचे कोठे, हे त्यास उमगत नाही.

भोपाळचे उदाहरण आम्ही घेतो ते उगाच नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी तेथे आली. नागपूरचे सचिवालय तिकडे हलले आणि त्याच्या मागोमाग मराठी कुटुंबेही गेली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली आणि पिपलानी, बरखेडा अशा वसाहती वसल्या. अशा नोकरदारांच्या नगरात हुद्दा हाच माणसाचा पत्ता असतो. चार इमलीतील बंगला काय किंवा कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टर काय, दोन्ही नोकरीबरोबर मिळतात आणि नोकरीबरोबर सुटतात. घर, शेजार आणि नावाआधीचे बिरूद ही तिन्ही एकदमच गेली, की उरलेल्या माणसाची त्याची त्यालाच ओळख पटेनाशी होते. गृहिणीस मात्र निवृत्ती नाही. उलट दिवसभर घरात बसून डबे कोठे ठेवावेत याविषयी सूचना करणारा एक वरिष्ठ अधिकारी तिच्या वाट्यास येतो!

यावर सरकारांस सुचलेला उपाय एकच, वय वाढविण्याचा. केंद्राने १९६२ मध्ये ते ५५ वरून ५८ केले, १९९८ मध्ये ५८ वरून ६०. मध्य प्रदेशाने २०१८ मध्ये साठाचे बासष्ट केले. त्यामागे आर्थिक कारणे असतील, राजकीयही असतील. परंतु १ जुलैच्या सकाळचा प्रश्न त्याने सुटत नाही, दोन वर्षे पुढे जातो इतकेच.

आमच्याकडे, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला जातो. निवृत्त गृहस्थ अध्यक्ष होतात! वाचनालयाचे, देवस्थान समितीचे, ज्ञातिसंस्थेचे. अशांपैकी अनेकांनी संस्था ऊर्जितावस्थेस आणल्या हे आम्ही नाकारीत नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत ही जुन्या खुर्चीच्या जागी नवी खुर्ची असते. वानप्रस्थाची कल्पना आपल्या पूर्वजांनी मांडली तीत अधिकार पुत्राच्या हाती सोपवून स्वतः पुन्हा जिज्ञासू होणे अभिप्रेत होते. आपण तिच्यातील वन तेवढे गाळले असे म्हणतो. वस्तुतः जिज्ञासाही गाळली आहे. पेटीवर बोटे बसवावयास, मोडी वाचावयास, एखादी नवी भाषा गिरवावयास साठीचा माणूस लाजतो. वीस वर्षांच्या शिक्षकाने चूक दाखविली तर? ज्याने तीस वर्षे इतरांच्या टिपणांवर शेरे मारले, त्यास हे सोसत नाही. निवृत्तीचे खरे दुखणे रिकाम्या वेळेचे नसून या न सोसण्याचे आहे, असे आमचे मत आहे.

ज्या चार्ल्स कोरियांनी पणजीची कला अकादमी उभारली, त्यांनीच भोपाळच्या भारत भवनाचाही आराखडा केला. १९८२ मध्ये ते खुले झाले आणि जगदीश स्वामिनाथन यांच्या दृष्टीमुळे तेथे आदिवासींची चित्रे नागर कलावंतांच्या बरोबरीने लागली. पुढे २०१३ मध्ये त्याच शहरात जनजातीय संग्रहालय सुरू झाले. उमरिया जिल्ह्यातील लोढा गावच्या जोधैयाबाई बैगा यांची चित्रे तेथे आहेत. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. मजुरी करून, जंगलातील लाकूडफाटा विकून त्यांनी मुले वाढविली. सत्तरीच्या उंबरठ्यावर, आशीष स्वामी नावाच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या चित्रकाराच्या गावातील कलाकेंद्रात त्या शिकावयास गेल्या. गुरू वयाने कितीतरी लहान. ज्या हातांनी आयुष्यभर मोळ्या बांधल्या त्या हातांत कुंचला आला आणि मोहाचे झाड, वाघदेव, बैगांच्या श्रद्धेतील सृष्टी कागदावर उतरू लागली. चित्रे देशाबाहेर, इटलीपर्यंत गेली. २०२१ मध्ये गुरू निवर्तले. शिष्येचे काम थांबले नाही. २०२२ मध्ये नारीशक्ती पुरस्कार, २०२३ मध्ये पद्मश्री. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

पद्मश्रीमुळे आम्ही हे सांगत नाही. ती लाभली नसती तरी सत्तरीत कुंचला धरणे तितकेच मोलाचे ठरले असते. जोधैयाबाईंना कोणते पद सोडावयाचे नव्हते, म्हणून शिकणे त्यांना सोपे गेले असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. तथापि पोटाची चिंता डोक्यावर असताना त्यांनी जे केले, ते दरमहा पेन्शन घेणाऱ्यास अशक्य का वाटावे? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात प्रवेशास वयाची वरची मर्यादा नाही. आपल्या वाचनालयांची दालने सकाळी बव्हंशी ओस असतात. तेथे निवृत्तांसाठी, आणि अगत्याने त्यांच्या पत्नींसाठीही, वर्ग चालविण्यास फार मोठा खर्च येणार नाही. कार्यालयांनीही निरोपाच्या दिवशी भाषणे आटोपून घेऊन, नोकरीच्या शेवटच्या वर्षात कर्मचाऱ्यास आठवड्यातून एक दुपार काही शिकण्यासाठी मोकळी द्यावी. पेन्शनची कागदपत्रे वर्षभर आधी तयार करतात. माणसाची तयारी कोणीच करीत नाही.

ज्यांस पेन्शनच नाही, त्या मासळीविक्रेत्या बायांचे, भाटांत राबणाऱ्यांचे, रापणकारांचे काय, हा प्रश्न मात्र वर्गांनी सुटणारा नाही. जोधैयाबाईंनाही पद्म सन्मानापर्यंत पोहोचल्यावर पक्क्या घराची मागणी करावी लागल्याचे वृत्त वर्तमानपत्रांतून आले होते. त्यांच्या वाघदेवांची चित्रे तोवर परदेशांतील भिंतींवर लागून गेली होती.