बियाण्याचा लसूण

लसणाचा गड्डा फोडला की आपला हात प्रथम कोणत्या पाकळीकडे जातो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? बाहेरच्या अंगाची, भरीव, सहज सोलली जाणारी पाकळी आपण फोडणीसाठी उचलतो. आतल्या बारीक, चिवट पाकळ्या टोपलीच्या तळाशी राहतात. पुढे त्यांना कोंब फुटले, की "आता या खाण्याच्या उपयोगाच्या नाहीत, लावून टाकू," असे म्हणून आपण त्या परसात खोचतो. आणि पीक बरे आले नाही म्हणजे मातीला दोष देतो. उत्तम ते ताटात आणि उरलेसुरले ते मातीत, हा क्रम उलटा करावा, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

लसणाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची का, ते आधी पाहू. भात, मिरची, भेंडी यांना बी येते. लसणाला मात्र पेरण्याजोगे बी सहसा धरत नाही. मध्य आशियातील डोंगराळ मुलखातून आलेली ही वनस्पती हजारो वर्षे माणसाने पाकळ्या लावूनच वाढविली, आणि त्या दीर्घ सहवासात ती बी धरणे जणू विसरली. म्हणून लसणाची पाकळी ही मूळ झाडाची निराळी संतती नव्हे; ती त्याच झाडाचा एक तुकडा होय. त्याचे गुण तिच्यात उतरतात, तसे त्याचे विषाणुरोगही बहुधा उतरतात. शिवाय कोवळ्या रोपाला आरंभीचे अन्न पाकळीतूनच मिळते. पाकळी बारीक असली तर गड्डाही बारीक येतो. कधी कधी त्यात पाकळ्याच पडत नाहीत, एकच गोल गाठ हाती लागते.

हा धडा मी पुस्तकातून नव्हे, परसात शिकले. माझे बालपण गोव्यात गेले. कोंकणीत आम्ही 'लोसूण' म्हणतो. पण तो पिकविताना मी कोणाला पाहिले नव्हते. पावसाळ्यापूर्वीच्या 'पुरुमेंता'त, म्हणजे चार महिन्यांच्या बेगमीत, मिरची-कांद्याबरोबर तो विकत आणावयाचा आणि चुलीवर धुरात टांगावयाचा, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. समुद्रकाठची हवा उबदार व दमट; लसणाला पात वाढताना थंडी हवी आणि गड्डा पोसताना कोरडे, मोठे होत जाणारे दिवस हवेत. बेळगावचा हिवाळा त्याला चांगला मानवतो. येथे आल्यावर पहिल्याच वर्षी मोठ्या हौसेने मी टोपलीतल्या उरलेल्या पाकळ्या लावल्या. मार्चमध्ये जे हाती आले ते पाहून शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही मुलांना काय शिकवता? पेरावं तसं उगवतं ना?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

लावण्याची रीत अवघड नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, गड्डा फोडून बाहेरच्या मोठ्या व निरोगी पाकळ्या निवडाव्यात. त्यांचे साल काढू नये. कुजलेले शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातीत, टोक वर ठेवून, 2 ते 3 सेंटिमीटर खोल व एकमेकींपासून 10 सेंटिमीटर अंतरावर त्या लावाव्यात. माती ओलसर राहावी, पण पाणी साचू नये. चार ते पाच महिन्यांनी पात पिवळी पडून शेंडे वाळू लागले की पाणी तोडावे. मग गड्डे उपटून पातीसकट सावलीत सुकवावेत आणि जुड्या बांधून हवेशीर जागी टांगावेत.

खरी परीक्षा येथून पुढे आहे. दहा पाकळ्या लावल्या तर साधारण दहा गड्डे येतात. त्यातले सर्वांत मोठे, ज्यांच्या पातीवर पिवळ्या रेघा नव्हत्या असे, दोन गड्डे बाजूला काढावेत. त्यांच्या बाहेरच्या पाकळ्या पुढच्या वर्षाच्या दहांना पुरतात. आठ खावेत, दोन राखावेत, हा हिशेब लहान मुलालाही कळेल. परंतु तो मार्चपासून दिवाळीपर्यंत पाळणे मोठ्यांनाही जड जाते. ज्या घरांत चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, तेथे निदान चार महिने ते गड्डे आपोआप सुरक्षित राहतात आणि कार्तिकात नेमकी लावणीची वेळ येते! इतरांना मात्र स्वतःच्या जिभेवरच पहारा ठेवावा लागतो.

हा पहारा माझ्याही हातून ढळला आहे. 2024 च्या दिवाळीच्या सुमारास लसणाचा किरकोळ भाव किलोला 400 रुपयांच्या घरात गेला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाव किलोला शंभर रुपये मोजायचे, आणि वर टांगलेला नुसता बघत बसायचा?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आम्ही बियाण्याची अर्धी जुडी खाल्ली. चटणी उत्तम झाली. पुढच्या वर्षी परसातला वाफाही अर्धाच राहिला.

कोणी म्हणेल, बाजारात लसूण मिळत असताना हा खटाटोप कशाला? दहा गड्ड्यांनी घरखर्च कमी होत नाही, हे मला मान्य आहे. दुसरेही एक म्हणणे खरे आहे: वर्षानुवर्षे तेच बियाणे लावल्याने त्यात विषाणू साठत जातात. रोप खुरटू लागले तर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेने काढलेल्या 'भीमा ओंकार' किंवा 'भीमा पर्पल' यांसारख्या वाणाचे निरोगी बियाणे आणून नव्याने आरंभ करावा. हट्टाने रोगट बियाणे राखणे म्हणजे जपणूक नव्हे.

तथापि माझा आग्रह पैशासाठी नाहीच. आपल्या हातची उत्तम वस्तू आज न खाता उद्यासाठी ठेवता येणे, हा गुण वर्गात सांगून येत नाही. तो रोज डोळ्यांसमोर टांगलेल्या दोन गड्ड्यांमुळे येऊ शकेल, असे मला वाटते. आपल्या आधीच्या असंख्य घरांनी असे दोन गड्डे राखले, म्हणूनच बी न धरणारी ही वनस्पती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने दहा पाकळ्या लावाव्यात. परस नसेल तर पसरट कुंडी चालेल. आईला आधी विचारा, आणि विचारताना मोठ्याच पाकळ्या मागा.